सुट्टीच्या दिवशीची खोली

इंदू,

तू आत्ता दाराशी उभी होतीस. दुपारचं जेवण झालं, भांडी पालथी घातली, जरा आडवी झाले आणि डोळा लागतो न लागतो तोच तू पदराला हात पुसत उंबऱ्यात आलीस. म्हणालीस, "शके, ऊन उतरलं का बघ गं." मी उठून खिडकी उघडली. ऊन उतरलं नव्हतं. तसं सांगायला वळले तर दारात नुसता पडदा हलत होता. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि हे असं जवळपास रोज चाललंय. मी घाबरत नाही, मला राग येतो. यायचंच असेल तर नीट बसत तरी जा.

दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. आपल्या डॉक्टर साहेबांनी तुला सेवाभावी म्हटलं, ममतेची मूर्ती म्हटलं. तू असतीस तर मधूनच उठून गेली असतीस. मूर्ती म्हटलं की लोक हार घालतात आणि पुढं काही करत नाहीत, असं तूच म्हणायचीस. मग मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "बाई लई भांडकुदळ होती," आणि खाली बसले. आधी लोक हसले, मग मागच्या रांगेतल्या आया रडायला लागल्या. मला मात्र रडू आलं नाही, अजूनही येत नाही, आणि झोपही येत नाही. दुपारी एवढीशी डुलकी लागते, तेवढ्यात तू येऊन ती मोडतेस.

खरं सांगू का, तुझ्यामागं मला नीट राहता येईनासं झालंय. म्हणून हे लिहायला बसले. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि एकट्या माणसाला भांडता येत नाही.

आपण दोघी नर्स, दवाखान्यामागच्या एका क्वार्टरमध्ये इतकी वर्षं राहिलो, की माझं कुठलं भांडं आणि तुझं कुठलं हे आता सांगता यायचं नाही. मी युसूफ वडगावच्या दुकानदार लिंगायताची लेक, वजनकाट्याशेजारी वाढलेली. तू मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेल्या धनगरांची. मला प्रत्येक गोष्ट डब्यात घालून झाकण लावायची सवय, तुला सगळं उघड्यावर. पहिल्या वर्षी मी तुझ्या उघड्या साखरेच्या डब्यावरून भांडायची. पुढं भांडायला मोठ्या गोष्टी मिळाल्या.

आपला दवाखाना म्हणजे तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. ओपीडी दुपारी संपली की साहेब घरी, खिडकीला फळी, आवारात कुत्री. त्यानंतर आणि रविवारी, सणासुदीला, दार उघडायचं ते बाळंतपणाला, अपघाताला आणि सापाला. मन बिघडलेल्या माणसासाठी सकाळीसुद्धा काही नव्हतं, मग दुपारनंतर कुठून असणार? अंबाजोगाईला मोठा दवाखाना, मोठे डॉक्टर. पण तिथं पोचेपर्यंत माणूस टिकायला पाहिजे. तू तिथल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात काही महिने शिकून आली होतीस, आणि आल्यापासून एकच टुमणं लावलं होतंस, की ही माणसं नेमकी सुट्टीच्या दिवशीच का कोसळतात.

त्याचं उत्तरही तुझ्याकडंच होतं. मी भाकरी थापत होते, तू चुलीपुढं बसून सांगत होतीस. "मेंढरू दुपारीच चुकतं, शके. सकाळी समदे जागे असत्यात. राती जाळीत कोंडलेली असत्यात. दुपारी राखणारा पेंगतो, तवाच एखादं बाजूला सरतं." मी म्हटलं, माणसं काय मेंढरं आहेत का? तू म्हणालीस, "मेंढरांना निदान राखणारा असतो की गं." त्या दिवशी भाकरी करपली, आणि तू ती न बोलता खाल्लीस.

मग द्रौपदा आली. तो रविवार मला कधी कधी स्वप्नात पडतो, आणि स्वप्नात आवाज नसतो. पांढरं ऊन, फाटकातून आत येणारा कारखान्याचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत उसाचं पाचट आणि पाचटात पडलेली बाई. शिरूर कासारकडची टोळी होती, ऊसतोडीला आलेली. नवरा उडी मारून ओरडला, "पान लागलं बाई, पान लागलं!" रानात सापाचं नाव घेत नाहीत, असंच म्हणतात. मी लस काढायला धावले. तू जागची हलली नाहीस. तू तिच्या हातांकडं बघत होतीस, कारण हात दोरीनं बांधलेले होते. साप चावलेल्या बाईचे हात कोण बांधतं?

"कुठं चावला?" तू विचारलंस.

"रानात," नवरा म्हणाला.

"अंगावर कुठं इचारते मी."

तो ट्रॉलीकडं बघायला लागला. मग तान्हं पोर कडेवर घेतलेली त्याची आई पुढं आली आणि तुझ्या कानाशी लागली. "साप न्हाई बाई. बाळंत झाल्यापासून झोप न्हाई तिला. लेकरू माझं न्हाई म्हनती, हिरीकडं पळती. मुकादमाला सांगितलं, गाडी द्या. तो म्हनला, याडाची नाटकं हायती, कोयता बंद ठिवायचा न्हाई. मंग साप म्हनलं. सापाला टॅक्टर देत्यात."

तू तिच्याकडं बघून म्हणालीस, "बरं केलंस." लक्षात ठेव इंदू, हे तूच म्हणालीस. पुढं कित्येकदा मी तुला याची आठवण दिली आणि कित्येकदा तू चिडलीस.

मागच्या बाजूला कुटुंब नियोजनाच्या शिबिराची खोली रिकामी पडली होती. तू ती झाडलीस, एक खाट टाकलीस, दोरी सोडलीस. नवऱ्याला बाहेर बसवलंस, सासूला आत ठेवलंस. समोरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना अंबाजोगाईच्या डॉक्टरांशी बोलायला लावलंस आणि त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन दिलंस. मग नुसती बसलीस. मला वाटलं होतं, तू काहीतरी समजुतीचं बोलशील. तू तिला फक्त विचारलंस, "पाणी पितीस?" थोड्या वेळानं परत, "पितीस का?" संध्याकाळी द्रौपदानं पाणी मागितलं. उन्हं कलली तेव्हा ती झोपली होती आणि तिच्या सासूच्या मांडीवर पोर झोपलं होतं. सोमवारी तिला अंबाजोगाईला पाठवली. पुढच्या हंगामात ती चालत आली, पोर कडेवर, तोंडभर हसू. पोराच्या डोक्याला कुंची होती, त्याला काजळाची तीट होती. तो दिवस तू मला दिलास, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. बरं वाटलं होतं गं, लई बरं वाटलं होतं.

पण द्रौपदानं जाताना एक काम केलं. तिनं सगळ्या टोळ्यांना सांगितलं, की साप म्हणा, म्हणजे घेतात.

मग काय, सापच साप! पोळ्याला साप, दिवाळीच्या पाडव्याला साप, ऐन थंडीत, जेव्हा खरे साप बिळात गपगार पडलेले असतात, तेव्हाही साप. कुणाची सून बोलायची बंद झालेली, कुणाचा भाऊ कपडे फाडायचा, कुणी पोरगा नापास होऊन झाडाकडं बघत बसलेला. सगळे पाचटात, जीपमध्ये, बैलगाडीत निजून यायचे आणि फाटकातून हाळी यायची, पान लागलं. आपण शिबिराची खोली उघडायचो. केसपेपरवर साहेब सर्पदंश लिहायचे. "जे सांगून आलेत ते लिहितो," म्हणायचे, "खरं लिहिलं तर कुणाच्या परवानगीनं ठेवला ते मला विचारतील." मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माणूस येतो, झोपतो, बरा होऊन जातो. कागद काय, कागद गुमान राहतो.

आणि मग वरून पथक आलं! आठवतं का? सर्पदंश फार वाढले म्हणून जीप भरून माणसं आली. एक सर्पमित्र होता, त्याच्या पिशवीत बिनविषारी दिवड. शाळेच्या पटांगणात त्यानं ती काढली आणि सगळी पोरं भिंतीवर चढली. गावोगाव झुडपं तोडायला लावली, भिंतींवर नागाची चित्रं काढली. आपल्या कपाटात सापाच्या लसीचे खोके येऊन पडले. मी हसून हसून लोळत होते. तू त्या खोक्यांपुढं उभी होतीस, आणि तुझं तोंड एवढंसं झालं होतं.

"हसायलीस कावून?" तू म्हणालीस. "बघ की. साप वाढले. माणूस एक बी आला न्हाई."

मला कळायला वेळ लागला. तू समजावलंस. सरकारला वाटलं साप आहेत, सरकारनं सापाचा बंदोबस्त केला. ज्या माणसांना आपण त्या खोलीत निजवलं ती कागदावर कधी आलीच नव्हती. त्यांच्यासाठी कुणी खाट मागायची नाही, नर्स मागायची नाही, गाडी मागायची नाही. आपणच त्यांना सापात ढकललं होतं.

मी म्हटलं, "कशाला पाहिजे सरकार? आपण दोघी आहोत की."

तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू मीच बाहेरून बांधून आणलेली होते. "आपण म्हंजे काय योजना हाय का गं? आपल्याला ताप आला, लग्नाला गेलो, मेलो, मंग? माया आटती, शके. ड्यूटी आटत न्हाई."

"ड्यूटीला माया नसते," मी म्हटलं.

झालं, त्या दिवसापासून सुरू झालं आपलं भांडण. पीठ मळताना, कपडे वाळत घालताना, शेजारच्यांच्या नव्या रंगीत टीव्हीवर मालिका चालू असताना आपण दबक्या आवाजात तेच भांडायचो. मधे जाहिराती लागायच्या, गोऱ्यापान बायका साबण दाखवायच्या, तेवढ्यात तू मला कोपर मारून म्हणायचीस, "आन् रजेवर गेलो तर?"

त्यातच ते नवे डॉक्टर आले. नुकतेच शिकून आलेले, चांगले होते, चपळ होते. पाडव्याच्या दुपारी साहेब गावी गेलेले, तू बाजारात, मी बाळंतपणात. जीप आली, एक मोठा माणूस ताठ पडलेला, बोलत नाही, डोळे उघडे. लोकांनी सांगितलं साप, डॉक्टरांनी साप मानला. ते कशाला शंका घेतील? लस चढवायला लागले. तू हातातली पिशवी टाकून व्हरांड्यातून धावलीस, टोमॅटो सगळीकडं घरंगळले, "सायेब, थांबा, त्याला साप न्हाई!" तोवर थोडी लस गेली होती. त्या माणसाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टर घाबरले, तरी त्यांनी लस लगेच थांबवली. वेळेवर आवरलं, माणूस वाचला. त्याची बायको भिंतीला टेकून एकसारखी म्हणत होती, "खरं सांगितलं असतं तर घेतलं नसतं ना बाई?"

त्या संध्याकाळी तू ठरवलंस, खोटं बंद. मी म्हटलं, बंद केलंस तर लोक येणार नाहीत, घरातच कोंडतील, बांधतील, आणि विहिरी काय लांब आहेत का? तू म्हणालीस, येतील. मी म्हटलं, इज्जतीपुढं माणसं जीव देतात, तू दुकानदाराच्या घरात वाढली नाहीस, तुला काय कळतंय! हे जरा लागलं तुला. त्यानंतर आपण बोलत नव्हतो. एकाच स्टोव्हवर दोन पातेली चढायची. तू तुझ्या भाजीला मीठ कमी घालायचीस आणि मी आळणी भाजीकडं बघून न बघितल्यासारखं करायचे. शेवटी तूच मिठाचा डबा उघडा टाकून गेलीस. मी झाकण लावलं. तो समेट होता, हे दोघींना कळलं.

तू सुट्टीच्या दिवशी गावोगाव निघालीस. आठवडी बाजारात, कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या कोप्यांमधून. पायी चालायचं तुझ्या रक्तातच होतं. म्हणायचीस, "साप म्हनू नका. झोप येईना म्हना, जीव नको झालाय म्हना. तरी दार उघडतो आमी." परत यायचीस तेव्हा पायांवर धुळीचे मोजे चढलेले. मी गरम पाणी ठेवायचे आणि विचारायचे, आलं का कुणी? कुणी येत नव्हतं. साप थांबले आणि माणसंही थांबली. खोलीतली खाट रिकामी. मी टोमणे मारत होते, पण मलाही रविवारी दुपारी फाटकाकडं बघायची सवय लागली होती. कुठं कोण असेल, कुठल्या बंद दाराआड असेल, असं मनात यायचं आणि ऊन फार पांढरं वाटायचं.

आणि मग आला तो मुकादमच, ज्यानं द्रौपदाला ट्रॅक्टर नाकारला होता तो. गाडीच्या मागच्या सीटवर त्याची पोरगी, दोन्ही बाजूंनी बायकांनी धरलेली. मुकादमाचा आवाज तुला माहीत आहे. उसाच्या फडात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडायची सवय, हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. व्हरांड्यात बाळंतिणीचे नातेवाईक, अपघातवाले, चहावाला, सगळे बसलेले. तो उभा राहिला आणि म्हणाला, "साप न्हाई! माझ्या पोरीचं मन फिरलंय! त्या शिष्टरला बोलवा!"

सगळा व्हरांडा त्याच्याकडं वळला. मी म्हटलं, आता कुणीतरी हसणार. कुणी हसलं नाही. चहावाल्यानं उठून बाकावर जागा केली. तू आतून आलीस, पोरीच्या हातावर हात ठेवलास आणि मुकादमाला म्हणालीस, "हळू बोला बाबा, ती बहिरी न्हाई." तो ओठ दाबून रडायला लागला. तेवढा दांडगा माणूस, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिला. म्हणाला, "द्रौपदेच्या येळंला मला कळलं न्हाई ओ बाई."

त्याच्यानंतर लोक आले. मुकादमानं म्हटलं तर आपल्याला म्हणायला काय लाज, असं झालं असावं. काही अजूनही सापच म्हणायचे, मग तुझ्याकडं बघून थांबायचे आणि हळूच म्हणायचे, न्हाई, तसं न्हाई. केसपेपरवर जे होतं ते लिहिलं जायला लागलं. ते नवे डॉक्टर आता स्वतःहून लिहायचे. मग तू जिल्ह्याला खेटे सुरू केलेस. मी एकदा तुझ्याबरोबर आले होते. टेबलामागचे साहेब सभ्य होते, त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "सिस्टर, भरती बंद आहे. आता सगळीकडं खाजगीचे दिवस येणार, सरकार हळूहळू अंग काढून घेणार. तुम्ही एखादी संस्था काढा की, देणग्या मिळतील."

तू म्हणालीस, "संस्था चालली तर चालली, बंद पडली तर लोक काय करतील? सायेब, साप चावला तर तुमी संस्था काढा म्हनता का?"

त्यांनी कागद ठेवून घेतला. परतीच्या एसटीत तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस. तुझा चेहरा पिवळट दिसत होता. मला वाटलं, उन्हामुळं असेल. उन्हामुळं नव्हतं.

मग तुझं दुखणं सुरू झालं. त्याचं मी लिहिणार नाही. तुझ्या पायथ्याशी मी बसलेली असायचे, तू गुंगीत माळावर जायचीस, मेंढरांना हाका मारायचीस. मधेच डोळे उघडून विचारायचीस, "खोलीत कोन हाय?" मी म्हणायचे, मी बघते, तू झोप. पण मी तर तुझ्यापाशी होते, खोलीत कुणी नव्हतं. हे तुलाही कळत होतं आणि मलाही. तू नुसती बघायचीस. त्या बघण्यात 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं होतं का? होतंच. मरतानाही भांडण सोडायची नाहीस तू.

जिल्ह्याहून आदेश आला तेव्हा तू उठून बसू शकत नव्हतीस. त्या खोलीला पाळ्या लावून नर्स, रविवारी आणि सणालाही, सध्या तात्पुरत्या, बदलीवर आलेल्या. मी तो कागद वाचून दाखवला. तू म्हणालीस, "परत वाच." मी परत वाचला. मग म्हणालीस, "पेढे आन. तू खा, मला चालत न्हाईत."

आणि आली ती कोण, तर वैशाली! नांदेडकडची पोरगी, ट्रंक घेऊन उतरली तीच तोंड वाकडं करून. तिला ही बदली नको होती. खोलीत बसून स्वेटर विणायची. मी तुझ्यापाशी येऊन तिच्या तक्रारी करायचे. "अगं, हिला काही मायाच नाही. माणूस येतो तर नुसतं बसा म्हणते, आणि घड्याळाकडं बघते."

तू हसलीस, हसताना तुला दुखायचं. "बसा म्हनती ना? बास की."

"बास कसं? तू पाणी विचारायचीस, तू..."

"मी मरायलीय, शके," तू म्हणालीस, अगदी साध्या आवाजात, जशी साखर संपली म्हणायचीस.

मला बोलायचं होतं. मी म्हणणार होते, की असं असेल तर तुझ्यासारख्या माणसांचा उपयोग काय मग? ड्यूटीच पुरत असेल तर तू इतकी चाललीस कशाला, तुझ्यामागं मी कशाला भाकरी थापत बसले? मी वाक्य सुरू केलं, आणि मधेच तुझा डोळा लागला. मी उठून दिवा बारीक केला. ते वाक्य तिथंच राहिलं, आणि तू गेलीस.

इथवर लिहून हे पत्र काही दिवस तसंच पडलं होतं. आता कालचं सांगते. काल रविवार होता. दुपारी तू पुन्हा आलीस, पण उंबऱ्यात नाही, मागच्या आवारात. तू विहिरीच्या कठड्यावर बसली होतीस, पाय आत सोडून, लहान पोरीसारखी. मी आले. तू सरकून मला जागा केलीस. फार शांत वाटत होतं. पाण्यावर आभाळ पडलेलं होतं, त्यात एक घार फिरत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग चप्पल नसलेल्या माझ्या तळपायांना दगड भाजला आणि मला दिसलं, की तिथं तू नाहीस, माझ्या हातात कळशी नाही, आणि मी कठड्याला चिकटून उभी आहे. पाणी भरायला आले नव्हते मी. मग कशाला आले होते? ते मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं. मी कठड्यापासून मागं सरले.

घरी जायची भीती वाटली, कारण घरात तू परत येशील. साहेबांचं दार बंद. ओपीडीला फळी. आवारात कुत्री झोपलेली. मी चालत खोलीपाशी आले. दार उघडं होतं. वैशाली आत बसून विणत होती, निळी लोकर.

ती उठली. "मोठ्या सिस्टर, कुणाला आणलंय?"

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"मलाच," मी म्हटलं.

तिनं सुया बाजूला ठेवल्या. "बसा," म्हणाली. घड्याळाकडं बघितलं, केसपेपर ओढला. मग विचारलं, "काय होतंय?"

इंदू, इतकी वर्षं मी लोकांना साप म्हणू दिलं, आणि मला त्या घटकेला सापसुद्धा सुचेना. डोकं दुखतं म्हणावं, चक्कर येते म्हणावं, असं तोंडापर्यंत आलं. मी दुकानदाराची लेक. ही पोरगी उद्या सगळ्या दवाखान्याला सांगेल, असंही वाटलं. ती पेन उघडून वाट बघत होती. तिला घाई नव्हती, तिची पाळी संध्याकाळपर्यंत होती.

मी म्हटलं, "मला झोप येत नाही. मेलेली मैत्रीण दिसते. आत्ता मी विहिरीवर उभी होते."

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना तिचा चेहरा बदलला नाही. मग म्हणाली, "आता इथंच थांबायचं. घरी जायचं न्हाई. मी डॉक्टरांना फोन लावायला शिपायाला पाठवते. खोलीतून मी हलणार न्हाई." एवढं बोलून तिनं खाटेवरची चादर झटकली, मला निजायला सांगितलं, खुर्ची दारात ओढली आणि तिथं बसून परत विणायला लागली. माझा हात धरला नाही. डोक्यावरून हात फिरवला नाही. तुझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी रडायला लागले, तुझ्यासाठी पहिल्यांदा, हुंदके देऊन रडले, आणि ती मधे मधे मान वर करून बघत होती, मी जागेवर आहे ना, एवढंच.

तिच्यात माया नाहीच, इंदू. मी अजूनही तेच म्हणते. पण ती होती.